केस, डाय आणि पाव आटा

"बाबा, मी जरा डाय घेऊन येतो," असं सांगून जावईबापू शनिवारी सकाळी गाडी काढून गेले, तेव्हा आम्हाला ह्यूस्टनला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सौ. खिडकीतून बघत राहिली. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, अडतिसाव्या वर्षीच? पत्रिका बघताना हे कुणी बोललं नव्हतं."

"अगं, त्यांचं डोकं नीट पाहिलंस का? एक पांढरा केस नाही."

"म्हणूनच म्हणते!"

दुपारी जावईबापू परतले ते हातात हिरवी पेटी घेऊन. "आता केसेसचं काम चोख होईल," पेटी टेबलावर ठेवत ते म्हणाले. "आधीच्या डायनं मान फार आवळली जायची."

सौ.नं हातातली विळी बाजूला सारली. "मानेला त्रास होत असेल तर आधी थोडं खोबरेल लावावं."

"लावतो ना आई. खोबरेल नाही, लॅनोलिन. विसरलं तर केस आत अडकून बसते."

'बसते' ऐकून सौ.चा चेहरा पडला. रात्री ती मला म्हणाली, "केस पिकले तर पिकू देत. पण अमेरिकेत राहून पोराचं व्याकरणही गेलं हो! केस बसते म्हणे!"

मला मात्र पेटी उघडताक्षणी भरून आलं होतं. मी चौतीस वर्षं चिंचवडच्या एका टूलरूममध्ये डाय बनवल्या. निवृत्तीनंतर माझ्याशी कुणी डायबद्दल बोललेलं नाही, आणि मी बोलू लागलो की घरातले लोक उठून गॅस बघायला जातात. इथे सात समुद्रांपलीकडे कापसाच्या गादीवर दोन घोटीव पोलादी डाय शेजारी शेजारी निजल्या होत्या. बाहेरून आटे पाडलेले. मी नुसत्या नजरेनं सांगितलं, "पाऊण इंचाच्या वर एक सूत, आणि इंचाला चौदा आटे."

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. तसं त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं.

माप बरोबर होतं. ७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे. या देशात कशावरही दोघांचं एकमत होत नाही, इथे अजून लोक फूट आणि पौंडात मोजतात, पण रीलोडिंग डायच्या आट्यांवर जवळपास सगळे कारखानदार एक आहेत. नेब्रास्काची डाय विस्कॉन्सिनच्या प्रेसमध्ये बिनबोभाट बसते. आपल्याकडे एका भावकीतले दोन नळ एकमेकांना बसत नाहीत.

आता रीलोडिंग म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो ते खरं तर काडतूस. त्यात चार गोष्टी असतात: पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर आणि या सगळ्यांना पोटात घेणारी पितळेची केस. बार उडाला की पहिल्या तिन्हींचा कारभार संपतो. केस तेवढी शाबूत राहते आणि काडतुसात सगळ्यात महाग तीच. तेव्हा ती उचलून आणायची, साफ करायची, मापात आणायची आणि पुन्हा भरायची. कोकाकोलाच्या रिकाम्या बाटल्या परत करण्यात आमच्या पिढीचं बालपण गेलं, त्यामुळे तत्त्व मला लगेच पटलं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचा धंदा करायचा तर लागतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे आणि घरच्या गॅरेजात काडतुसं भरण्याचा छंद त्यात बसत नाही. पुण्यात हे काम १८६९ पासून खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी करते, आणि तिच्या भिंतीलगत सायकल जरा रेंगाळली तरी शिट्टी वाजते.

पण कायदा मलाही सोडणार नव्हता. गॅरेजात शिरण्याआधी लेकीनं मला दारात अडवलं. "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. मोजके अपवाद सोडले तर तुम्हाला बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगता येत नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत रिकामी केससुद्धा ॲम्युनिशनच आहे. तेव्हा पितळेला हात लावायचा नाही."

"आणि डायला?"

"ते नुसतं पोलाद आहे. ते चालेल."

अशा रीतीनं, सगळी हयात धातूत घालवलेला मी ह्यूस्टनच्या गॅरेजात सोवळ्यात उभा राहिलो. पोलाद चालतं, पितळ ओवळं. पुढचे तीन महिने मी हात पाठीमागे बांधून वावरलो. सासऱ्याला ही मुद्रा शोभते, हे मला तिथे कळलं.

गॅरेजात गाडी सोडून सगळं होतं. भिंतीला टेबल, टेबलावर प्रेस, आणि प्रेसच्या वर फळीवर ओळीनं डायच्या पेट्या. हिरवी आज आलेली. तिच्या शेजारी लाल, पलीकडे पुन्हा लाल पण वेगळ्या घराण्यातली, मग आणखी तीन. एकूण सहा. रायफल किती, म्हणून मी विचारलं.

"एक," जावईबापू म्हणाले.

रायफल होती साडेसहा क्रीडमोर नावाच्या काडतुसाची. २००७ सालचं हे काडतूस लांब पल्ल्याच्या निशाणेबाजांत इथे फार चालतं. एका रायफलीला सहा डाय. मला आमच्या शेजारच्या वहिनी आठवल्या. एका नवऱ्यासाठी त्या सहा ज्योतिषी करतात.

डाय मुळात कशासाठी लागते, ते आधी सांगतो. बार उडतो तेव्हा केस क्षणभर फुगते आणि रायफलीच्या चेंबरच्या भिंतीला जाऊन चिकटते. त्यामुळे वायू मागे फुटत नाही. मग पितळ आपल्या स्वभावानं केसभर आकसतं आणि म्हणून ती बाहेर निघते. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त, असं हे पितळ. सोशिक, पण पोटात राग ठेवणारं. बाहेर आलेली केस ही त्या चेंबरचा जणू साचाच. फक्त ती आता पुन्हा आत सहज जाईल इतकी सैल नसते, आणि तिची मान इतकी ताणलेली असते की नवी गोळी तिच्यात खुळखुळते. तेव्हा तिला डायमध्ये दाबून परत मापात आणायचं. एक डाय मापात आणणारी, दुसरी गोळी बसवणारी. एवढाच संसार. दिवाळीच्या सोऱ्यात आपण जे करतो तेच. फक्त चकली थोडी वेडीवाकडी झाली तर खाता येते.

मग सहा डाय कशाला? तर ज्याला त्याला केसचा वेगळा अवयव छळावासा वाटतो, म्हणून. केसला बूड, पोट, खांदा, मान आणि तोंड असं सगळं असतं.

पहिली डाय फुल लेंग्थ. ती बुडापासून मानेपर्यंत सगळ्यांना समान न्यायानं आवळते. तिच्यामागे १९२६ सालची सॅमी नावाची संस्था उभी आहे. काडतूस जास्तीत जास्त केवढं आणि चेंबर कमीत कमी केवढं, हे ती ठरवते, म्हणजे कुठल्याही कारखान्याचं काडतूस त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत जावं. उदात्त विचार आहे. पण त्यापायी आपल्या एका रायफलीतून निघालेल्या केसला साऱ्या देशातल्या रायफलींच्या भीतीनं आवळलं जातं. रेडिमेड विजार सगळ्यांना होते ती याच कारणानं कुणालाच होत नाही. शिवाय डायच्या आत एक बोंड असतं. आधी मान गरजेपेक्षा जास्त दाबायची आणि मग हे बोंड ओढून ती पुन्हा मोठी करायची. आधी रागवायचं, मग जवळ घ्यायचं. या ओढाताणीत मान वाकडी होते, आणि मान वाकडी तर गोळी वाकडी.

दुसरी नेक डाय. ती म्हणते, पोटाला कशाला त्रास? ते चेंबरच्या मापाचं झालंय, नुसती मान आवळा. हिचे भक्त आपल्या ओळखीच्या बंदुकीपायी वाढले. थ्री नॉट थ्रीची ली एनफिल्ड लढाईच्या चिखलात चालावी म्हणून तिचं चेंबर ऐसपैस ठेवलेलं. केस आत मनसोक्त फुगते. दर वेळी तिला पूर्ण आवळलं तर चार बारांत बुडापाशी तुटायच्या बेताला येते. म्हणून जे लोक परदेशात ती हौसेनं वापरतात, ते नुसती मान आवळतात. पण नेक डायचाही एक दिवस येतोच. चार-पाच बारांनंतर पोट इतकं सुटतं की बोल्ट बंद करायला तळहाताचा रेटा लागतो. पन्नाशीनंतर लग्नातला कोट घालायला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी कॉलेट डाय. ही स्वस्त, दिसायला गरीब आणि तेलही न मागणारी. मानेच्या आत एक गुळगुळीत दांडा जातो आणि बाहेरून पोलादी बोटं मानेला त्या दांड्यावर दाबतात. ओढणं नाही, ताणणं नाही. हिनं आवळलेली मान बहुधा सरळ निघते. टूलरूमच्या माणसाला हिच्याबद्दल आदर वाटतो. जावईबापूंना वाटत नव्हता, कारण ती स्वस्त होती.

चौथी बुशिंग डाय. यात मान आवळणारं कडं वेगळं मिळतं, एकेका थाऊच्या फरकानं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टूलरूममधलं चिल्लर नाणं. भरलेल्या काडतुसाची मान मोजायची, समजा ०.२९१ इंच भरली, तर दोन थाऊ कमी म्हणजे ०.२८९ चं कडं घ्यायचं. गोळी पुरेशी धरली जाते आणि मानेचं पितळ फुकट शिणत नाही. युक्ती छान आहे. पण जावईबापूंकडे कडी नऊ होती. कारण ०.२८९ घेतलं की ०.२८८ कसं असेल, ही रुखरुख लागते.

"दोन थाऊ म्हणजे केवढं हो?" सौ.नं विचारलं. ती एव्हाना दारात खुर्ची टाकून बसू लागली होती.

"एक बारीक केस," मी म्हणालो.

"कुठला केस? डोक्यावरचा, की यांचा?"

पाचवी डाय गोळी बसवणारी, डोक्यावर मायक्रोमीटर मिरवणारी. साधी सीटिंग डाय तेच काम करते, पण हिच्यावर आकडे कोरलेले असतात आणि किंमत दीडशे डॉलरच्या पुढे जाते. गोळी थाऊनं आत-बाहेर करता येते. सहावी तर खास बेतून घेतलेली. आपल्या रायफलीतून उडवलेल्या केसेस कारखान्याला पाठवायच्या, की ते त्यांच्या मापानं डाय कापून देतात. हा खरा शिंपी. फक्त शिंप्याकडून विजार शिवून आणल्यावर तिच्यावर रेडिमेड विजारीचा पट्टा करकचून आवळायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याविषयी पुढे.

या डाय विकणारे सगळे मुळात जावईबापूंसारखेच. त्यांतल्या आरसीबीएस या कंपनीच्या भारदस्त अक्षरांचा अर्थ ऐकून मी थक्क झालो. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन नावाच्या गृहस्थांना युद्धाच्या टंचाईत शिकारीला गोळ्या मिळेनात. त्यांनी १९४३ साली वडिलांच्या लॉन्ड्रीत, वापरलेल्या पॉइंट टू-टूच्या केसेसपासून गोळ्या दाबायची डाय बनवली. शिकार कसली? रॉक चक नावाच्या, आपल्या घुशीची आठवण करून देणाऱ्या प्राण्याची. रॉक चक बुलेट स्वेज, म्हणून आरसीबीएस. एका घुशीपायी कारखाना उभा राहिला. आमच्या सोसायटीत घुशी आहेत, पण लॉन्ड्रीवाल्याला तशी बुद्धी झाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात अपघात झाला. जावईबापूंचा ऑफिसचा फोन चालू होता आणि हात प्रेसवर. लॅनोलिन विसरलं. केस आत गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी दांडा जोरात उचलला, तर केसच्या बुडाची कडाच उपटून हातात आली.

"बाबा, केस अडकली."

चौतीस वर्षांचा अनुभव माझ्या हातांत वळवळला. पण हात पाठीमागे. डाय पोलादी, म्हणजे मला शिवायला हरकत नाही. पण तिच्या पोटात पितळ, म्हणजे हरकत आहे. हा पेच मनुस्मृतीतही सुटला नसता. शेवटी मी तीन फुटांवरून सांगत गेलो आणि जावईबापू करत गेले. आतला दांडा वर काढा. डाय व्हाइसमध्ये धरा, पण जबड्यांना कापड लावा, आटे मारू नका. बुडाच्या भोकातून ड्रिल घाला, सरळ, घाई नको. आता पाव इंची टॅप फिरवा. अर्धा आटा पुढे, पाव मागे, बुरा मोडू द्या. आता बोल्ट घाला, वर मोठा वॉशर, आणि पान्यानं हळूहळू ओढा.

दातातून कळ जावी तशी एक किंकाळी पितळानं मारली आणि केस बाहेर आली. जावईबापूंच्या कपाळावर घाम होता. माझ्याही. सौ. दारातून म्हणाली, "चकलीच्या पिठाला मोहन कमी पडलं की अस्संच होतं."

हे वाक्य मी नंतर अनेकांना ऐकवलं आहे. रायफलच्या केसला तेलबोट विसरायचं नाही, हा या छंदातला पहिला नियम. काही जण महागडी कार्बाइडची डाय घेतात आणि समजतात, आता तेल नको. सरळ पोटाच्या पिस्तुली केसेसना ते चालतं. खांदे असलेल्या रायफलच्या केसला कार्बाइडमध्येही तेल लागतंच. ज्याला खांदे असतात त्याच्यावर सगळे भार येतात, याला कोण काय करणार.

केसेस धुण्याच्या बाबतीतही सौ.चाच सल्ला पुढे आला. जावईबापू त्या एका यंत्रात घोळवायचे. कधी अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात, कधी मक्याच्या कणसाच्या भुशात. "आणि ते अक्रोड कुणी खाल्ले?" एवढंच तिनं विचारलं. मग पितळ आहे हे कळल्यावर म्हणाली, "चिंच लावा." गंमत म्हणजे हे लोक लिंबूसत्त्वाच्या पाण्यात केसेस बुडवतातच. आंबटानं पितळ उजळतं हे दोन्ही देशांना ठाऊक आहे. मी मात्र त्यांच्या कपाटातली एक पॉलिशची बाटली बाजूला काढायला लावली, कारण तिच्यात अमोनिया होता. यामागे आपलाच इतिहास आहे. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पसरायचा आणि कुणी हात न लावता केसेसना भेगा पडायच्या. ऋतूवर खापर फोडून त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. खरं कारण १९२१ साली नीट मांडलं गेलं: पितळाला घडवताना दाबल्यावर त्याच्या पोटात ताण राहतो, आणि अमोनिया त्या ताणावर बोट ठेवतो. म्हणजे दोष घोड्याचा निम्मा, निम्मा दाबणाऱ्याचा.

हे मी ज्यांच्यापाशी बोललो ते म्हणजे शेजारचे मिस्त्री. त्यांचं खरं नाव वेगळं आहे; मिस्त्री मी ठेवलेलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या शॉपमध्ये हयात गेलेली. त्यांचं टेक्सासचं इंग्रजी मला कळत नव्हतं आणि माझं चिंचवडचं त्यांना. पण मी हवेत चिमूट धरून "टू थाऊ" म्हटलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी थाऊमध्ये बोलायचो.

त्यांच्या गॅरेजात डायची एकच पेटी होती. हिरवा रंग उडून पत्रा दिसू लागलेला. तीस वर्षांपूर्वीची साधी फुल लेंग्थ. आतलं बोंड त्यांनी काढून फेकलेलं; मान हव्या त्या मापाला आणायला स्वतः लेथवर घासलेला एक दांडा. बस. जावईबापूंच्या सहा डायची मी तारीफ केली तेव्हा ते म्हणाले, आणि हे मी त्यांच्या हातवाऱ्यांवरून मराठीत सांगतोय, "पोराला विचारा, डाय किती खाली फिरवतो?"

जावईबापूंनी पेटीतला कागद दाखवला. डाय खाली फिरवत न्या, प्रेसच्या केसहोल्डरला टेकली की आणखी पाव आटा फिरवा. असा कागद फुल लेंग्थच्या बऱ्याच पेट्यांत असतो. जावईबापूंनी तो सहाही पेट्यांतल्या मापात आणणाऱ्या डायना लावला होता, शिंप्याकडून आलेल्या डायलासुद्धा.

मिस्त्रींनी कागद घडी करून खिशात घातला. इंचाला चौदा आटे, म्हणजे एक फेरा ७१ थाऊ. पाव आटा म्हणजे जवळपास अठरा थाऊ. प्रेसच्या सगळ्या सांध्यांतली ढिलाई खाऊन केस शेवटपर्यंत आत जावी म्हणून कारखाना ते लिहितो. कुणाचंही काडतूस कुणाच्याही रायफलीत अडू नये, ही त्याची काळजी. पण त्यात केसचा खांदा गरजेपेक्षा मागे जातो. पुढच्या बाराला तो पुन्हा पुढे धावतो, मग पुन्हा मागे रेटला जातो. या येरझाऱ्यांत पितळ बुडापाशी पातळ होऊन तुटतं. खांदा मागे जायला हवा तो एक-दोन थाऊ, बोल्ट ॲक्शनला तेवढंच पुरतं. तेव्हा उडवलेली केस आधी गेजवर मोजा, मग डाय थोडी वर ठेवून सुरू करा, आणि केसागणिक जराजरा खाली या. खांदा दीड थाऊ हलला की थांबा आणि रिंग कसून टाका.

"म्हणजे पाव आटा कमी," मी म्हणालो.

"पाव आटा?" सौ. आतून म्हणाली. "कणीक संपली का? इंडियन स्टोअर नऊपर्यंत उघडं असतं."

शेवटी परीक्षेचा दिवस ठरला. जावईबापूंनी सहा पेट्यांच्या डायमधून पाच-पाच काडतुसं भरली, सगळी कागदाप्रमाणे. मिस्त्रींच्या पद्धतीनं एक सातवा गट, पहिल्याच फुल लेंग्थ डायमधून. आम्ही शंभर यार्डांच्या रेंजवर गेलो. मी अर्थात प्रेक्षकांत, हात मागे, डोळ्याला दुर्बीण. इथे निशाणाचं मोजमाप मिनिट नावाच्या कोनात करतात. शंभर यार्डांवर एक मिनिट म्हणजे १.०४७ इंच. पाच गोळ्यांची भोकं त्याच्या आत आली की लोक खिशातून ते कागद काढून दाखवतात. आपण नातवंडांचे फोटो दाखवतो तसे.

पहिला गट झकास. दुसरा बरा. तिसरा पुन्हा झकास, पण तो कॉलेट डायचा निघाल्यावर जावईबापू गप्प. चौथा वाईट, तेव्हा वारा होता. पाचवा वाईट, तेव्हा लेकीचा फोन आला होता. शिंप्याच्या डायचा सहावा मध्यम. मिस्त्रींचा सातवा चांगला, पण पहिल्यापेक्षा केसभरच. सातही कागद फाडून पत्त्यांसारखे पिसले असते, तर कुठला कुठल्या डायचा, हे खुद्द ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. मिस्त्री म्हणाले, पाच गोळ्यांवरून डाय ओळखता येत नाही. पाच गोळ्यांचा गट आज मुठीएवढा तर उद्या अंगठ्याएवढा निघतो, डाय तीच असताना. कांदेपोह्यांच्या एका बशीवरून संसार ओळखू पाहणाऱ्या समाजातून मी आलो होतो, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं.

फरक दिसला तो महिन्याभरानं. कागदाप्रमाणे आवळलेल्या केसेसच्या बुडाशी आतून बारीक खाच जाणवू लागली; वाकवलेली तार आत घालून ओढली की अडखळायची. त्या सगळ्या भंगारात गेल्या. पाव आटा कमी फिरवलेल्या तशाच्या तशा होत्या. निशाणावर जेवढं दिसलं नाही तेवढं पितळावर दिसलं. आणि पितळ मापात राहिलं, तर निशाण त्याच्या पाठोपाठ येतं.

पण परीक्षेच्या दिवशी जावईबापू हिरमुसलेले होते. रेंजवरून परतताना गाडीत मी त्यांना आमच्या कोल्हापूर जिल्ह्याची गोष्ट सांगितली. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. त्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत याच ५० मीटरवर, प्रोनमध्ये, जगज्जेत्या झाल्या. या खेळात पॉइंट टू-टू वापरतात, आणि तिचा प्रायमर केसच्या कडेच्या घडीतच भरलेला असतो. एकदा रायफलीची पिन आदळली की कडा चेपते, केस कामातून जाते. ती पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. हे नेमबाज फार तर कारखान्याचे वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि आपल्या रायफलीला मानवणारा लॉट घेतात.

"म्हणजे त्यांनी डाय किती वापरल्या?" जावईबापूंनी विचारलं.

"एकही नाही."

पुढची वीस मैलं ते काही बोलले नाहीत.

कुणाला या प्रकारात पडायचं असेल आणि त्याच्या देशाचा कायदा पडू देत असेल, तर माझा निवाडा असा. डायची पेटी एकच घ्या. घाईत असाल तर फुल लेंग्थ, खिशाला जपत असाल तर कॉलेट. आकडे कोरलेल्या मायक्रोमीटरपेक्षा शंभर केसेस मोजण्याचा कंटाळा न येणं स्वस्त पडतं. मोहन विसरू नका. पितळाजवळ अमोनिया नेऊ नका. आणि पेटीतला कागद वाचा, पण डाय आपल्या रायफलीला विचारून फिरवा.

निघायच्या आदल्या रात्री मी गॅरेजात गेलो तर जावईबापू फळीसमोर उभे होते. सातवी पेटी मागवायची की नाही, याचा विचार चालला असावा. माझ्या जिभेवर चौतीस वर्षांचा अनुभव आला होता. हात पाठीमागे होतेच. मी तोंडही बंद ठेवलं. सासऱ्यानं जावयाच्या घरी टेकेपर्यंत फिरवावं, पुढचा पाव आटा फिरवू नये.

सातवी पेटी आम्ही पुण्याला पोहोचलो त्याच गुरुवारी आली. सौ.नं फोनवर तिचा रंग विचारून घेतला.